पहिली भाकरी मोडते तेव्हा : मुलांबरोबर स्वयंपाक आणि एकत्र जेवण

बेळगावच्या वडगावात आमच्या घरी रविवारी सकाळी एक ठरलेला प्रसंग घडतो. माझी सात वर्षांची भाची परातीपुढे पाट मांडून बसते, तिची आज्जी शेजारी बसते, आणि जोंधळ्याच्या पिठाचा लिंबाएवढा गोळा तळव्यांत गोल करून भाची तो थापायला घेते. भाकरी तळहाताएवढी होते न होते तोच तिची कड चिरते, आणि उचलून तव्यावर टाकायला जावे तर दोन तुकडे हातात येतात. आज्जी शांतपणे म्हणते, "पीठ अजून मळायला पायजे की गं. कड चिरली म्हणजे मळणं कमी पडलं." दुसरी भाकरी जेमतेम तव्यापर्यंत पोचते. तिसरी बिब्ब्यासारखी जाड होते, पण फुगते, आणि तेवढ्यावर घरात जत्रा भरते.

मुलांना स्वयंपाकात घ्या आणि कुटुंबाने एकत्र बसून जेवा, हा सल्ला आजकाल डॉक्टर, शिक्षक आणि मासिकांतले लेख असे सगळेच देतात. तो का द्यायचा, हे मात्र फारसे कोणी उलगडून सांगत नाही, म्हणून तो सुविचारासारखा ऐकला जातो आणि विसरलाही जातो. या सल्ल्यात मुलाची चव कशी घडते, त्याच्या हाताला काम कसे येते, त्याचे शब्द कुठून वाढतात आणि घरात त्याची जागा कोणती, अशा निरनिराळ्या गोष्टी एकत्र बांधलेल्या आहेत. त्यांतल्या काहींना भक्कम पुरावा आहे, तर काहींना जेवढा सांगितला जातो तेवढा नाही. माझे मत आरंभीच सांगतो. मूल स्वयंपाकघरात आणि ताटावर पाहुणा राहिले तर फारसे काही साधत नाही; ते वाटेकरी झाले, त्याच्या हातच्या कामावर घरच्या जेवणाचा थोडा तरी भार पडला, तर बाकीच्या पुष्कळ गोष्टी आपोआप जागेवर येतात.

आधी त्या मोडलेल्या भाकरीचे कारण पाहू, कारण मुलाचा पहिला प्रश्न तोच असतो : चपाती कशीही लाटली तरी मोडत नाही, मग भाकरीच का मोडते? गव्हाच्या पिठात पाणी घालून ते मळले की त्यातली प्रथिने एकमेकांत गुंतून ग्लुटेन नावाची लवचीक जाळी तयार होते. ती ताणली जाते, म्हणून चपाती लाटता येते. जोंधळ्यात ही जाळी तयारच होत नाही. म्हणून आज्जी पिठात उकळते पाणी घालते : त्या उष्णतेने पिठातल्या स्टार्चचे काही कण पाणी शोषून फुगतात, चिकट होतात, आणि जाळीची उणीव थोडीफार भरून काढतात. भरपूर मळण्याने हा चिकटपणा सगळ्या गोळ्यात सारखा पसरतो. दळून फार दिवस झालेल्या पिठाचा चिकटपणा कमी होतो, हे आमच्याकडच्या प्रत्येक बाईला ठाऊक असते. तव्यावर टाकल्यावर वरून पाण्याचा हात फिरवतात तो पृष्ठभाग लगेच कोरडा पडून तडकू नये म्हणून; आणि भाकरी फुगते ती आतल्या पाण्याची वाफ होऊन पापुद्रा उचलते म्हणून. हे सगळे सात वर्षांच्या मुलीला एका बैठकीत सांगू नये. तिने विचारले तेवढेच सांगावे, आणि पुढच्या रविवारी ती पुन्हा विचारते.

एकदा शाळेच्या प्रयोगासाठी आणलेला तापमापक तिने आधणाच्या पातेल्यात धरला. पाणी खळखळा उकळत होते, तरी पारा शंभरावर जाईना. तापमापक बिघडला असे तिचे म्हणणे पडले. बिघाड काही नव्हता. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे, इथे हवेचा दाब कमी, म्हणून पाणी साडेसत्त्याण्णव अंशांच्या आसपासच उकळू लागते. हेच पातेले वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर ठेवले तर शंभर दिसतील. आणि कुकरमध्ये वाफ कोंडून दाब वाढवला की पाणी १२० अंशांच्या जवळ जाऊन मगच उकळते, म्हणून तूरडाळ उघड्या पातेल्यापेक्षा कितीतरी लवकर शिजते. असा प्रश्न पुस्तकातून सहसा निघत नाही. तो हातात काम असताना निघतो.

आता चवीकडे येऊ. दोन ते सहा या वयात बहुतेक मुले नव्या पदार्थाकडे संशयाने पाहतात. काल आवडीने खाल्लेली मेथी आज ताटाबाहेर काढतात, अंबाडीच्या भाजीचे नाव काढले की तोंड फिरवतात. याला हट्टीपणा म्हणण्याची सवय आहे, पण अभ्यासक याकडे वाढीचा एक टप्पा म्हणून पाहतात : नुकते चालू लागलेले मूल दिसेल ते तोंडात घालू नये, यासाठी निसर्गाने ठेवलेली ही सावधगिरी असावी, असे त्यांना वाटते. हा संशय ओळखीने उतरतो. अमेरिकेतल्या लीअन बर्च यांनी १९८२ साली दोन वर्षांच्या मुलांना अनोळखी पदार्थ कमीअधिक वेळा चाखायला देऊन पाहिले, तेव्हा जो पदार्थ जितक्या जास्त वेळा चाखला गेला तितका तो मुलांना अधिक आवडू लागला. पुढच्या अभ्यासांतून असे दिसले की एका नव्या भाजीला साधारण आठ ते पंधरा वेळा संधी द्यावी लागते. आपण दोन-तीन वेळा वाढतो आणि "आमच्या पोराला अंबाडीची भाजी चालत नाही" असा निकाल देऊन टाकतो. पंधरा वेळा म्हणजे पोटभर खायला लावणे नव्हे. बोटाच्या पेराएवढा घास, तोही नको असल्यास बाजूला ठेवण्याची मुभा, एवढेच.

ओळख जन्माआधीपासून सुरू होते, ही त्याहून आश्चर्याची गोष्ट आहे. फिलाडेल्फियाच्या ज्युली मेनेला यांनी २००१ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही मातांनी गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत, तर काहींनी अंगावर पाजण्याच्या काळात, गाजराचा रस घेतला होता. पुढे वरचे अन्न सुरू झाल्यावर त्या बाळांनी गाजराच्या चवीची पेज इतर बाळांपेक्षा कमी कुरकुर करत खाल्ली. आईच्या जेवणातले स्वाद गर्भजलातून आणि दुधातून बाळापर्यंत पोचतात. घरात लसणाची चटणी आणि संकेश्वरी मिरचीचा ठेचा रोज असेल, तर त्यांच्या वासाची ओळख मुलाला पहिला घास घेण्याआधीच झालेली असते.

बर्च यांच्याच १९८४ च्या प्रयोगातली एक बाब आपल्या घराघरांत चालणाऱ्या व्यवहाराला थेट लागू पडते. अमुक प्यायलास तर खेळायला मिळेल, असे बक्षीस लावून मुलांना एखादे पेय दिले, तेव्हा ते पेय मुलांना आधीपेक्षा कमी आवडू लागले. कारण मुलाचा हिशेब सरळ असतो : ज्यासाठी लाच द्यावी लागते ती वस्तू वाईटच असणार. "कारल्याची भाजी संपव, मग कुंदा देते," असे म्हणणारी आई नकळत कारल्याची किंमत उतरवते आणि कुंद्याची चढवते. बेळगावच्या कुंद्याला खरे तर या मदतीची काही गरज नाही.

मग करावे काय? एलिन सॅटर या अमेरिकी आहारतज्ज्ञ बाईंनी १९८० च्या दशकात मांडलेली विभागणी मला सर्वांत उपयोगी वाटते. काय शिजवायचे, केव्हा आणि कुठे वाढायचे, हे मोठ्यांनी ठरवावे. वाढलेल्यातले खायचे की नाही आणि किती खायचे, हे मुलाने ठरवावे. ऐकायला हे सोपे आहे, पण आपल्याकडे ते पानात काही टाकायचे नाही या जुन्या शिस्तीला जाऊन अडते. ही शिस्त मला चुकीची वाटत नाही, कारण अन्नाची किंमत शेतकऱ्याच्या घरात वेगळी सांगावी लागत नाही. तोडगा एवढाच की वाढून घेण्याचा अधिकारही मुलाकडे द्यावा. आधी नितकोर घे, लागली तर चतकोर घे, अशी सवय लागली की ताट स्वच्छही होते आणि आईने वाढलेल्या ढिगाशी मुलाला लढावे लागत नाही.

स्वतः रांधलेले अन्न मूल अधिक आवडीने खाते का, हा पुढचा प्रश्न. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका स्विस अभ्यासात सहा ते दहा वर्षांची ४७ मुले होती. काहींनी पालकांबरोबर जेवण बनवले, तर इतरांच्या पालकांनी एकट्याने बनवले. स्वयंपाकात हात असलेल्या मुलांनी सॅलड सुमारे तीन चतुर्थांश अधिक खाल्ले. याच मुलांनी एकूण जेवणही, उष्मांकांच्या हिशेबाने, सुमारे एक चतुर्थांश अधिक घेतले. हा दुसरा आकडा सल्ले देणारे लेख सहसा सांगत नाहीत. म्हणजे जेवण आपल्या हातचे असले की मूल भाजीही जास्त खाते आणि बाकीचेही जास्त खाते. तेव्हा त्याच्याकडून रोज भजीच तळून घेतली तर त्यात आरोग्याचा लाभ शोधू नये. शिवाय अभ्यास छोटा होता आणि एकाच जेवणापुरता होता, हेही लक्षात ठेवावे.

काम कोणते द्यावे, यावर मी जरा थांबणार आहे, कारण चूक बहुधा इथेच होते. मुलाच्या हातात प्लॅस्टिकची भातुकली देऊन त्याला कोपऱ्यात बसवणे म्हणजे स्वयंपाकात घेणे नव्हे. कणकेचा उरलेला गोळा खेळायला देऊन नंतर तो गुपचूप टाकून देणे हेही नव्हे. मुलांना हे लगेच कळते. मारिया माँटेसरी यांनी १९०७ साली रोमच्या एका गरीब वस्तीत पहिले बालगृह, म्हणजे लहान मुलांची शाळा, उघडले, तेव्हा ओतणे, पुसणे, झाडणे, वाढणे अशी खरीखुरी कामे, मुलांच्या हाताला बेतील अशा खऱ्या साधनांनी, त्यांनी शिक्षणाच्या केंद्रस्थानी आणली. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला खेड्यातल्या मुलांसाठी बालशिक्षणाचे काम सुरू केले, तेव्हा महागडी साधने बाजूला ठेवून परिसरात मिळणाऱ्या बिया, शिंपले, पानाफुलांतून तीच दृष्टी पुढे नेली. त्या दृष्टीने पाहिले तर आपले स्वयंपाकघर आधीच सजलेले आहे.

तीन-चार वर्षांच्या मुलाला मटार सोलता येतात, कोथिंबीर आणि मेथी निवडता येते, धुतलेली बटाटी मोजून पातेल्यात टाकता येतात. बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागात रताळ्यांचे पीक भरपूर. उकडलेले रताळे सोलणे हे तर या वयाचे खास काम. पाच-सहा वर्षांचे मूल ताक घुसळते, पीठ चाळते, तांदूळ निवडते, लिंबू पिळते. आठ-दहा वर्षांच्या मुलाला, शेजारी कोणी उभे असताना, सुरीने काकडी चिरायला आणि चपाती लाटायला हरकत नाही. गॅस पेटवणे, फोडणी, कढईतले तेल आणि कुकर यांची घाई करू नये. फोडणीच्या वेळी मूल ओट्यापासून हातभर लांब असावे, आणि कुकरची वाफ पूर्ण उतरेपर्यंत झाकणाला कोणीच हात लावू नये, मोठ्यांनीही. आमच्या भागात शेंगदाण्याशिवाय पान हलत नाही, पण चार वर्षांखालच्या मुलाला अख्खा दाणा देऊ नये. तो श्वासनलिकेत अडकतो. कूट करून द्यावे. मिरची हाताळली असेल तर आधी हाताला तेल चोळावे आणि मग साबण लावावा, कारण मिरचीतला तिखट घटक पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतो. जीभ भाजली तर पाण्यापेक्षा दूध किंवा ताक उपयोगी पडते, तेही याच जातीच्या कारणाने : दुधातली प्रथिने तो घटक आपल्याकडे ओढून घेतात.

आणि काम दिले की ते मुलाचेच राहू द्यावे. मटार सोलताना दहा दाणे ओट्याखाली जाणार, चाळलेले पीठ जमिनीवर पडणार. सोमवारी सकाळी शाळेची गाडी दारात उभी असताना हे परवडत नाही, हे मला मान्य आहे. म्हणूनच आमचा दिवस रविवार आहे.

सीमाभागात या सगळ्याला आणखी एक पैलू आहे. इथले मराठी मूल शाळेत कन्नड किंवा इंग्रजी माध्यमात शिकत असेल, गल्लीत दोन-तीन भाषा बोलत असेल, आणि त्याची मराठी हळूहळू "दे, घे, चल, नको" एवढ्यावर येत असेल. अशा मुलासाठी स्वयंपाकघर हा क्रियापदांचा साठा आहे. निवडणे, पाखडणे, चाळणे, सोलणे, खुडणे, खवणणे, कुस्करणे, कालवणे, तिंबणे, परतणे, खरपूस भाजणे, उतू जाणे, करपणे : यांतले बहुतेक शब्द पुस्तकातून पाठ करून राहत नाहीत, कारण त्यांचा अर्थ हाताला कळावा लागतो. कालवणे आणि ढवळणे यांतला फरक व्याख्येने सांगून पाहा. दहीभात एकदा कालवला की तो सांगावा लागत नाही.

हार्वर्डच्या कॅथरीन स्नो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या कमी उत्पन्नाच्या कुटुंबांत जेवणाच्या वेळच्या गप्पा ध्वनिमुद्रित करून त्यांतले शब्द मोजले. रोजच्या नेहमीच्या शब्दांपलीकडचे शब्द ज्या घरांत ताटावर अधिक येत, त्या घरांतल्या मुलांचा शब्दसंग्रह पुढे अधिक भरलेला आढळला. कारण समजण्याजोगे आहे. जेवताना मोठी माणसे आपापसांत बोलतात : ऊसबिल कधी मिळणार, चुलतभावाची सोयरीक कुठे जमली, मामाची म्हैस किती लिटर देते. हे बोलणे मुलाला उद्देशून सोपे केलेले नसते, आणि न कळलेला शब्द विचारायला ते तिथे हजर असते.

यात दुसऱ्या भाषेची अडचण होत नाही. आमची भाची भरल्या वांग्याला घरी भरली वांगी आणि मैत्रिणीकडे एण्णेगाई म्हणते, अंबाडीला पुंडी म्हणते, शेंगदाण्याच्या पोळीला कधी शेंगापोळी तर कधी शेंगा होळगी. एकाच पदार्थाची दोन नावे ठाऊक असणे म्हणजे दोन घरांत जेवलेले असणे. गणिताचेही तसेच. आज्जी अजून धान्य मापाने मोजते : दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. पायलीत किती चिपटी, हे भाचीने तांदूळ ओतून मोजले तेव्हा सोळा भरली, आणि अर्ध्याचे अर्धे म्हणजे पाव हे तिला वर्गात येण्याच्या आधी परातीत कळले.

आता एकत्र जेवणाविषयीच्या मोठमोठ्या दाव्यांकडे. २०११ साली एम्बर हॅमन्स आणि बार्बरा फिस यांनी १७ अभ्यासांची, मिळून १ लाख ८२ हजारांहून अधिक मुलांची माहिती एकत्र तपासली. आठवड्यातून तीन किंवा अधिक वेळा घरच्यांबरोबर जेवणाऱ्या मुलांचे खाणे अधिक चांगले होते आणि वजन प्रमाणात असण्याची शक्यताही अधिक होती. तीन हा आकडा लक्षात घ्यावा, एकवीस नव्हे. पण असा संबंध दिसला म्हणून एकत्र जेवणानेच तो घडवला, असे लगेच म्हणता येत नाही. ज्या घरात आई-वडील दोघेही संध्याकाळी वेळेवर परततात, पैशाची ओढाताण कमी असते आणि भांडणे कमी असतात, तिथे एकत्र जेवणही होते आणि मुलाचा अभ्यासही घेतला जातो. मग मुलाच्या प्रगतीचे श्रेय वरण-भाताला द्यायचे की त्या स्वस्थतेला? २०१२ साली केली म्युझिक आणि ॲन मायर या समाजशास्त्रज्ञ बाईंनी अमेरिकी किशोरांची माहिती तपासताना घरची परिस्थिती आणि पालकांशी असलेले नाते हिशेबात धरले, तेव्हा एकत्र जेवणाच्या फायद्याचा बराच भाग आटला. सगळा नाही, पण बराच. तेव्हा जेवणाला औषध समजू नये. ज्या घरात बोलणे आहे तिथे ते बोलण्याला रोजची ठरलेली जागा देते, आणि जिथे ताटावर गुणपत्रिकेची उलटतपासणी चालते तिथे तीच जागा मुलाला नकोशी होते. प्रगतिपुस्तक, फी आणि "शेजारच्याला किती पडले" हे तीन विषय ताटावर बंद ठेवून पाहावे. मोबाइलही बंद, आणि त्यात वडिलांचाही मोबाइल धरला आहे.

एक गोष्ट मात्र आपल्या घरांनी स्वतःला विचारली पाहिजे : एकत्र जेवतात म्हणजे कोण जेवतात? आमच्या लहानपणी आधी पुरुष आणि मुले बसत, आई आणि काकू शेवटी. आज सगळे बसतात असे म्हटले जाते, पण जोंधळ्याची भाकरी तव्यावरून थेट ताटात गरम पडली पाहिजे हा हट्ट असेल, तर थापणारी बाई चुलीपाशीच राहते आणि सगळ्यांची जेवणे झाल्यावर एकटी जेवते. मुले हे रोज पाहतात आणि त्यातून काय शिकायचे ते शिकतात. गरम भाकरीची चव मला मान्य आहे. तिची किंमत कोण मोजते तेही पाहावे. उत्तर कर्नाटकात कडक भाकरी कितीतरी दिवस टिकते, लोक ती प्रवासात नेतात, विकत आणतात. म्हणजे भाकरी गरमच हवी असा नियम इथल्या मातीत तरी नाही. आमच्या घरी आता सगळ्या भाकऱ्या आधी होतात, धुतलेल्या फडक्यात गुंडाळून दुरडीत जातात, आणि मग आज्जीसुद्धा आमच्याबरोबर पाटावर बसते. पहिल्या रविवारी ती दोनदा उठली होती.

राहिला प्रश्न कामाच्या पाळीचा. भाचीचे वडील उद्यमबागेतल्या फौंड्रीत काम करतात; दुसरी पाळी असली की ते रात्री बाराच्या सुमारास घरी येतात, आणि त्या आठवड्यात रात्रीचे एकत्र जेवण शक्य नसते. ते रात्रीच व्हायला हवे असेही नाही, आणि सगळ्यांनी हजर असायला हवे असेही नाही. एक मोठे माणूस आणि एक मूल समोरासमोर बसून वीस मिनिटे खातात आणि बोलतात, एवढे पुरते. त्या आठवड्यात दोघांची बैठक सकाळी साडेसातला भरते. चहा, आदल्या दिवशीची भाकरी तव्यावर कुरकुरीत करून वर तेल आणि कारळ्याची चटणी. चटणी भाचीने खलबत्त्यात कुटलेली असते, त्यामुळे ती भरड असते, आणि मीठ कधी कमी, कधी जास्त. वडील झोपाळलेल्या आवाजात विचारतात, "आज मीठ किती घातलीस गं?" ती म्हणते, "दोन चिमटी. तुमच्या चिमटीनं नव्हे, माझ्या."